अण्णांनी मोडलेला सौदा

ज्या फुटबॉल संघाचे मॅनेजर म्हणून बसवंत अण्णांनी तीस वर्षं घालवली, त्या संघाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर अर्धी पेठ माझ्याशी बोलणं सोडेल आणि उरलेली अर्धी दवाखान्यात येऊन भांडेल. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि तालमी पेठांच्या. संघ हरला तर त्या दिवशी पेठेत कुणाच्या घरी मटण शिजत नाही. मी पेठेतली नव्हे. राजारामपुरीत वाढले, फिजिओथेरपी शिकले आणि एका सीझनपुरतं काम म्हणून या संघात गेले. राहिले सहा वर्षं. त्याचं कारण अण्णा.

पहिल्या दिवशी तालमीच्या माडीवर मी टेबल मांडलं तेव्हा वीस-बावीस खेळाडू समोर उभे होते आणि एकही जण पुढं यायला तयार नव्हता. बाईपुढं पाय उघडा टाकून झोपायचं कसं, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. कोपऱ्यात एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ खिशातले फुटाणे खात बसले होते. ते उठले, चप्पल काढली, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टेबलावर आडवे झाले.

"डॉक्टर, पहिला माझा पाय बघा. पस्तीस वर्षं दुखतोय."

"काय झालं होतं?"

"वसंतानं लाथ घातली. पलीकडच्या पेठेचा वसंतराव, आता त्यांचा मॅनेजर हाय. बॉल माझ्याकडं नव्हताच."

पोरं हसली. मी बघितलं तर घोट्याचं हाड खरंच वाकडं जुळलेलं होतं. दहा मिनिटं मी तो पाय दाबला, वाकवला. अण्णा डोळे मिटून पडून राहिले, एकदाही हूं केलं नाही. मग उठून पॅंट खाली केली आणि म्हणाले, "लावा रांग. जो लाजंल त्याला मैदानात उतरवणार न्हाय." पुढच्या पाच मिनिटांत रांग जिन्यापर्यंत गेली होती.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या सांगायचे. राधानगरी, चंदगड, गारगोटी अशी गावांची नावं त्यांच्या तोंडून इतकी ठणठणीत येत की झोपलेला माणूस पिशवी घेऊन उठावा. घरी कानडी, पेठेत मराठी, आणि कुणी फार बोलायला लागलं की दोन्हीकडं एकच शब्द, "साकु." म्हणजे पुरे. एवढा मोठा आवाज असलेला हा माणूस मैदानाच्या कडेला मात्र एक अक्षर बोलत नसे. बाकीचे मॅनेजर घसा बसेपर्यंत ओरडायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पळणाऱ्याला ऐकू येत न्हाय डॉक्टर. थांबलेल्याला येतंय. आणि थांबलेल्याला ओरडून काय उपयोग?"

त्या माईकचा गैरवापर त्यांनी एकदाच केला. संघातला एक बचावपटू ताप आलाय म्हणून सरावाला आला नव्हता. अण्णांनी काचेतून पाहिलं, तर हा गडी नवा शर्ट घालून, एका मुलीसाठी जागा धरून पन्हाळ्याच्या गाडीत बसलेला. अण्णांनी नेहमीच्या सुरात गाडीचा फलाट सांगितला आणि त्याच सुरात पुढं म्हणाले, "पन्हाळ्याला जाणाऱ्या प्रवाशांनी ताप उतरल्यावर संध्याकाळी सरावाला हजर व्हावं." गाडीतल्या कुणाला काही कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं. तो संध्याकाळी आला, आणि अण्णांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त मला म्हणाले, "डॉक्टर, ह्याचा ताप बघा की." पुढं त्या मुलीशीच त्याचं लग्न झालं. अण्णा पंगतीत वाढायला होते.

सामना बघायची त्यांची पद्धत निराळी. गॅलरीतल्या सगळ्या माना चेंडूबरोबर फिरायच्या, अण्णांची भलतीकडं. "बॉल बघायला एवढी माणसं आल्यात की, मी कशाला बघू?" ते बघायचे चेंडू नसलेल्या खेळाडूला. कोण चालतोय, कोण कमरेवर हात ठेवून उभा आहे, दुसऱ्याचा पास चुकल्यावर कोण आकाशाकडं बघतो. नवा खेळाडू घ्यायचा तर त्याच्या गल्लीत जाऊन चहाच्या गाड्यावर बसायचे आणि एक प्रश्न हमखास विचारायचे, "मॅच हरल्यावर जेवतोय काय हो पोरगं?" मला वाटलं, न जेवणारा त्यांना हवा असेल, जिव्हाळ्यानं खेळणारा. उलटंच होतं. "जेवणारा दुसऱ्या दिवशी सरावाला येतोय. उपाशी झोपणारा आठ दिवस तोंड दाखवत न्हाय."

आता त्या सौद्याबद्दल.

आमच्याकडं सीझन थंडीत सुरू होतो. त्याआधी खेळाडूंची नोंदणी असते. एकदा नाव नोंदलं की त्या वर्षी संघ बदलता येत नाही, म्हणून नोंदणीच्या आधीच्या पंधरवड्यात शहरात नुसती कुजबुज चालते. त्या वर्षी आमच्याकडं गोल मारणारा माणूस नव्हता. वसंतरावांच्या संघात दोन होते, पण उजव्या बाजूनं धावणारा नव्हता. त्यांच्याकडूनच निरोप आला. तुमचा रणजित आम्हाला द्या, आमचा यासीन तुम्ही घ्या.

रणजित गडमुडशिंगीचा. सोळाव्या वर्षी सायकलवरून सरावाला यायला लागला, तेव्हापासून दहा वर्षं अण्णांच्या हाताखाली. उजव्या कडेनं तो सुटला की गॅलरी उभी राहायची. त्याला द्यायचं या कल्पनेनंच पेठेत दोन तट पडले. अण्णा दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या स्कूटरवर मागं बसून यासीनचा सराव बघायला आले. सगळं आयुष्य गाड्यांत गेलेल्या या माणसाला दोन चाकं चालवता येत नव्हती.

आम्ही कठड्याला टेकून तासभर उभे होतो. एका क्षणी यासीन मोकळ्या जागेत पळाला, पण त्याच्या साथीदारानं पास उशिरा दिला आणि चेंडू बाहेर गेला. यासीननं हात वर करून सांगितलं, चुकलं माझं.

"बघितलंसा?" अण्णा हळूच म्हणाले.

"चूक त्याची नव्हती," मी म्हणाले.

"तेच की."

परत येताना रंकाळ्यापाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. पाण्याकडं बघत फुटाणे खाल्ले. मग म्हणाले, "हे पोरगं आलं तर कप आपला, डॉक्टर." त्यांच्या तोंडून कपाची भाषा मी पहिल्यांदाच ऐकत होते. तीस वर्षांत त्यांच्या संघानं तो मोठा कप एकदाही जिंकला नव्हता, आणि ते पुढच्या वर्षी नोकरीतून निवृत्त होणार होते. त्यांना यासीन हवा होता. मनापासून हवा होता.

त्याच आठवड्यात सराव संपल्यावर आम्ही माडीवरून उतरत होतो. रणजित पुढं होता. अण्णा जिन्यात थांबले. रणजित प्रत्येक पायरीला उजवा पाय ताठ ठेवून आधी खाली टाकत होता आणि डावा मागून त्याच पायरीवर आणत होता, कठड्याला हात लावून. मैदानात पळताना हे दिसत नव्हतं. जिन्यात लपत नव्हतं.

मला ते महिनाभर आधीपासून माहीत होतं. गुडघ्यातली एक दोरी, म्हणजे लिगामेंट, जवळजवळ तुटली होती. मी त्याला एमआरआय कर म्हणून सांगितलं होतं आणि त्यानं हात जोडले होते. "मॅडम, नोंदणी होईपर्यंत कुणाला सांगू नका."

अण्णांनी मला विचारलं, "गुडघा काय?"

"अण्णा, हे तुम्ही त्यालाच विचारा. मला विचारू नका."

"बरं. मग कळलं."

रविवारी माडीवर बैठक झाली. अध्यक्ष, पाचसहा जुने खेळाडू, अण्णा आणि मी. रणजितच्या पायाबद्दल कुजबुज तिथंही पोचलेली होती, आणि त्यामुळं उत्साह कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला.

"अण्णा, हे तर लईच बरं झालं," अध्यक्ष म्हणाले. "गुडघा आपल्याला ठाऊक हाय, त्यांना न्हाय. सही करून टाकू. सही झाली की विषय संपला."

"वसंतरावानं तुमचा पाय मोडला त्याची भरपाई," दुसरा कुणी म्हणाला. सगळे हसले.

अण्णा हसले नाहीत. "आणि पोराचं काय?"

"त्याला तर जायचंच हाय. त्यांच्या अध्यक्षाची फौंड्री हाय. कायम नोकरी देतो म्हणालाय. पोराचं भलं, आपलं भलं. नुकसान कुणाचं? त्यांचं. ते आपलं कोण लागत्यात?"

पाऊण तास हे चाललं. एकेक जण तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत चाललं होतं. शेवटी अण्णा म्हणाले, "साकु. दोन दिवस द्या मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गडमुडशिंगीला गेलो. रणजितच्या घरी गोठ्यात चार म्हशी होत्या, धारा काढायची वेळ होती. त्याच्या आईनं ताकाचे तांबे पुढं केले आणि बाजूला उभी राहिली. अण्णांनी पाल्हाळ लावलं नाही.

"गुडघा कधीपासनं?"

रणजितनं माझ्याकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "त्या बोलल्या न्हाईत. मी जिन्यात बघितलं."

रणजित बोलायला लागला तो थांबेचना. लग्न ठरत होतं. मुलीच्या वडलांनी एकच अट घातली होती, कायम नोकरी. फौंड्रीतली नोकरी लागली की सगळं मार्गी लागणार होतं. "एक सीझन काढतो अण्णा, पट्टी बांधून. नंतर गेला गुडघा तर गेला. नोकरी तर लागल्याली असंल."

"नोकरी कशासाठी देत्यात ते तुला? खेळायला. तिसऱ्या मॅचला तू खाली बसलास की किती दिवस ठेवतील?"

"ते बघून घेईन की मी."

"आणि पाय? आत्ता ऑपरेशन केलंस तर पुन्हा पळशील. पट्टी बांधून सीझन काढलास तर म्हशीला पाणी पाजायला जाताना लंगडशील. विचार ह्यांना."

मी मान डोलावली. एवढंच माझ्या हातात होतं.

"तुम्ही सांगणार काय त्यांना?" रणजितनं विचारलं.

"तू सांगितलंस तर मला सांगावं लागणार न्हाय. उद्या दुपारी वसंताकडं जाणार हाय मी. माझ्याबरोबर ये."

रणजित उभा राहिला. "दहा वर्षं तुम्ही म्हणाल तसं खेळलो. पावसात खेळलो, तापात खेळलो. एकदा माझ्यासाठी गप्प बसा म्हणतोय. तेवढंबी व्हत न्हाय तुमच्यानं. माझं वाटोळं झालं तर तुमच्या हातनं झालं असं समजंन मी."

त्याची आई म्हणाली, "असं बोलू नये रे मोठ्या माणसाला." पण तिनंही अण्णांकडं बघितलं नाही. ताक तसंच राहिलं.

परतताना अण्णा पेठेच्या तोंडाशी उतरले तेव्हा म्हणाले, "मी बरोबर करतोय काय, मला ठाऊक न्हाय डॉक्टर. पण त्याला तसा पळू देऊन मला गॅलरीत बसवणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी रणजित आला नाही. अण्णा अर्धा तास वाट बघत थांबले, मग मला घेऊन वसंतरावांच्या सायकल दुकानात गेले. वसंतराव उंच, सडपातळ, मिशा काळ्या केलेले. दोघं इतकी वर्षं एकमेकांना मैदानात बघत आले होते, पण एकमेकांच्या दारात पहिल्यांदाच. वसंतरावांनी स्टूल पुसून पुढं केलं.

"सही करूया की आता," ते म्हणाले.

"पोराचा गुडघा तपासून घे. मग सही कर."

वसंतरावांच्या हातात एक चाक होतं. ते त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलं. "हे मला का सांगतोस?"

"माझ्याच पोरासाठी सांगतोय. तू त्याला पळवशील, आणि तो पळंल. न्हाय म्हणायची सवय न्हाय त्याला."

वसंतराव म्हणाले, "अण्णा, तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं."

"म्हाईत हाय मला."

चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून प्याला आणि आम्ही निघालो.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. यासीन तिकडंच राहिला. फौंड्रीचं बोलणं थांबलं आणि दिवाळीनंतर मुलीकडच्यांनीही नकार कळवला. अध्यक्षांनी अण्णांना गोड शब्दांत सांगितलं, आता तुम्ही विश्रांती घ्या. संघाची जबाबदारी दुसऱ्याकडं गेली. उपांत्य सामन्यात यासीननं आमच्यावर दोन गोल मारले आणि दुसऱ्या गोलानंतर आमच्याच गॅलरीतून आवाज आला, "गुडघामास्तर, बघा." लोक वळून बघायला लागले. अण्णा वरच्या पायरीवर बसले होते. उठले नाहीत. सामना संपेपर्यंत बसले, नंतर यासीनपाशी जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी गेले. त्या दिवशी जेवले का, हे मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "जेवले की. भाकरी जास्तच खाल्ली."

रणजितनं जानेवारीत ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो माझ्या दवाखान्यात व्यायामाला येत होता. अण्णांचं नाव निघालं की तोंड फिरवायचा. आणि अण्णा रोज संध्याकाळी पाच वाजता येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. निवृत्त झाल्यामुळं आता वेळच वेळ होता. आतून मी मोजत असलेले आकडे त्यांना ऐकू येत. दहा वेळा पाय उचल, पुन्हा दहा वेळा. रणजित चपला घालायला लागला की अण्णा उठून जायचे. बाकावर फुटाण्याची सालं पडलेली असत. एकदा रणजितनं ती बघितली, उभा राहिला, आणि केराच्या डब्यात टाकून निघून गेला. मी त्या दोघांच्या मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. अण्णांनीच मला बजावलं होतं, "त्याचा राग खरा हाय. असू दे."

खरंच खरा होता. आज विचार करते तेव्हा वाटतं, रणजितचं नुकसान झालं ते झालंच. कायम नोकरी त्याला अजून नाही. दूध संकलन केंद्रात कंत्राटावर आहे, सकाळी एका शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. लग्न गेल्या वर्षी झालं, दुसऱ्या एका मुलीशी, आणि तो सुखी दिसतो. अण्णा नसते तर काय झालं असतं, कुणी सांगावं.

अण्णांना मी शेवटचं बघितलं ते रणजितच्या पुनरागमनाच्या दिवशी. त्यानंतर मी पंधरा दिवस गावाला गेले, आणि परतायच्या आदल्या दिवशी फोन आला की अण्णा झोपेतच गेले.

तो एप्रिलमधला सामना, दुपारी चारचा. रणजित राखीव खेळाडूंत होता. पहिल्या अर्ध्यात अण्णा गॅलरीत दिसत होते. दुसऱ्या अर्ध्यात रणजित कडेला उभा राहून अंग गरम करायला लागला आणि मी वर बघितलं तर त्यांची जागा रिकामी. मी बाहेर गेले. फाटकासमोर रस्त्यापलीकडं उसाच्या रसाचा गाडा होता. अण्णा तिथं ग्लास हातात घेऊन उभे होते. रस प्यालेला नव्हता.

"उतरला काय?" त्यांनी विचारलं.

"उतरेल आत्ता. तुम्ही आत चला."

"नको. मला बघवत न्हाय. पळतोय कसा ते सांगा."

तेवढ्यात आतून टाळ्या झाल्या. रणजित उतरला होता. मी जायला वळले तर ते मागून म्हणाले, "सरळ पळणं कोणबी पळंल डॉक्टर. वळताना बघा. उजव्या पायावर वळला की मला सांगा."

गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून आत मैदान दिसतं आणि बाहेर रस्ताही. मी तिथं जाऊन उभी राहिले. आठ-दहा मिनिटं रणजित जपून खेळत होता, चेंडू आला की लगेच दुसऱ्याला देत होता. मग एकदा चेंडू घेऊन कडेनं निघाला, समोर त्यांचा बचावपटू आला, आणि रणजितनं उजवा पाय रोवून अंग आत फिरवलं. बचावपटू खाली बसला. गोल झाला नाही, फटका बारवरून गेला. पण वळला. मी मागं फिरून अण्णांकडं बघितलं आणि हात उंच करून हवेत वळण काढून दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि मग हातातला रस एका दमात संपवला.

सामना बरोबरीत सुटला. माणसांचा लोंढा फाटकातून बाहेर पडायला लागला, मोटारसायकलींचे हॉर्न सुरू झाले. मला वरून त्या गर्दीत रणजित दिसला. बूट काढलेले, पायांत नुसते मोजे, जर्सी घामानं चिकटलेली. तो कपडे बदलायला न जाता सरळ रस्ता ओलांडत होता. गाड्यापाशी पोचला आणि अण्णांच्या समोर उभा राहिला. काय बोलले ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. अण्णा तिथंच, रस्त्याच्या कडेला, खाली वाकले. रणजितचा उजवा मोजा त्यांनी खाली सरकवला आणि अंगठ्यानं गुडघ्याच्या वाटीभोवती दाबत दाबत बघायला लागले. मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. रणजित एका हातानं अण्णांच्या खांद्याचा आधार घेऊन उभा होता, आणि दुसरा हात वर करून गाड्यांना थांबवत होता.